टाईम बिघडला म्हणजे पोरगी आळशी झाली का?

"मॅडम, एवढंच सांगा, ही आळशी झालीय की हिच्या डोक्यात दुसरंच काहीतरी भरलंय?"

वडील खुर्चीत नीट टेकायच्या आधीच हे बोलून मोकळे झाले. पोरगी शेजारीच, वय वर्षं चौदा, मांडीवर बॅग, नजर स्वतःच्या बुटांवर. आठशे मीटर पळते. वर्षभरापूर्वी 2:21 चा टाईम होता, आता सलग तीन मीट, म्हणजे स्पर्धा, 2:28, 2:29 च्या आसपास, आणि शेवटच्या मीटला तर दुसऱ्या लॅपला बाहेरच आली. कोच म्हणाले मन लावत नाही, वडील म्हणाले मोबाईल वाढलाय, आई एवढंच म्हणाली की हल्ली ही कशावरही रडते. (ओळख पटेल असं सगळं बदललंय, नाव तर देतच नाही.)

हा प्रश्न माझ्याकडे इतक्या वेळा येतो की एकदा सविस्तर लिहून टाकावं म्हटलं. मूल आधी छान पळत होतं, आता मेहनत वाढवली तरी टाईम खाली यायच्या ऐवजी वर चाललाय, मग ते कामचुकार झालं का? आणि तुम्ही समुपदेशक आहात तर जरा त्याचं मन पक्कं करून द्या.

हे मन पक्कं करायचं काम मी पूर्वी करायचे, कबूल करते. सुरुवातीच्या वर्षांत एका मुलाला मी शिकवलं होतं की नडगी दुखायला लागली की मनात काय म्हणायचं, श्वास कसा घ्यायचा, लक्ष दुसरीकडे कसं न्यायचं. शहाणं पोर, सगळं शिकलं, दुखत असताना पळत राहिलं आणि महिन्याभराने नडगीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने पडलेली बारीक चीर, निघालं. माझं तंत्र झकास चाललं होतं, तोच तर घोळ होता. तेव्हापासून टाईम बिघडलाय म्हणून कोणी मूल आणलं की मनाचं बोलायच्या आधी मी डॉक्टरांकडे पाठवते आणि आठवड्याचा हिशोब मागते.

तर हिशोब. मुलीकडे वही होती, कोचनी ठेवायला लावलेली. निळ्या पेनने सेशन, लाल पेनने टाईम, आणि शेवटच्या रकान्यात "कसं वाटलं". त्या रकान्यात चार महिने रोज एकच शब्द, "ठीक". मी पानं उलटत गेले, ठीक ठीक ठीक, ज्या दिवशी मीटमध्ये लॅप सोडून बाहेर आली त्या दिवशीही ठीक. मी विचारलं हे रोज लिहितेस की एकदम बसून? तर हसली थोडीशी, म्हणाली रविवारी एकदम लिहिते, सर बघतात म्हणून.

मग वडिलांना बाहेर बसवलं आणि कोरा कागद घेतला. म्हटलं वहीत काय लिहायचं असतं ते सोड, तू प्रत्यक्षात काय काय पळतेस ते सोमवारपासून सांग.

कोचचं ट्रेनिंग सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी ट्रॅकवर, आणि रविवारी लाँग रन. ठीक, चार दिवस. मग हळूच म्हणाली की मंगळवार-गुरुवार शाळेचे पीटी सर रिलेच्या टीमला घेतात, ते हलकंच असतं. बरं. मग बराच वेळ गप्प. मग म्हणाली सकाळी बाबांबरोबर जाते. कधी? रोज, रविवार सोडून. किती? पाच किलोमीटर, बाबा सायकलवर असतात. सरांना माहितीय? मान नकारार्थी.

म्हणजे आठवड्याला बारा सेशन. गंमत बघा, तिघांनीही तिला सुट्टी दिलेली होती! कोचच्या कागदावर तीन दिवस रेस्ट, पीटी सर तर दोनच दिवस घेतात, वडिलांनी रविवार सोडलेला. फक्त तिघांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या दिवशी, त्यामुळे पोरीच्या पायांना सुट्टीचा एकही दिवस नाही. तिघातला एकही माणूस वाईट नाही हो, प्रत्येकाचं आपापलं गणित बरोबर होतं. बेरीज करायला कोणी बसलंच नव्हतं, आणि बेरीज माहीत असलेली एकटी तीच, जिला बोलायचं नव्हतं.

का नाही बोललीस, असं मी विचारत नाही, त्या प्रश्नात आरोप असतो. मी विचारलं बोलली असतीस तर काय झालं असतं? उत्तर इतकं झटपट आलं की पाठच असावं: "सरांना सकाळचं सांगितलं तर सर बाबांवर चिडणार, बाबांना दमते म्हटलं तर बाबा सरांना सांगणार की हिला जमत नाहीये, मग ग्रुपमधून काढतील." चौदा वर्षांची पोर तीन मोठ्या माणसांची मर्जी सांभाळत होती, आणि वर आठशे मीटर पळत होती.

तिच्या समोरच एक साधं गणित केलं. कार्ल फॉस्टर नावाच्या अमेरिकन व्यायामशास्त्रज्ञाची पद्धत आहे, कुठलंही मशीन लागत नाही. सेशन किती मिनिटांचं आणि शून्य ते दहामध्ये किती जड गेलं, दोन्हींचा गुणाकार, तो झाला त्या सेशनचा लोड. नंतर कोचशी बोलले तेव्हा त्यांनी आपल्या प्लॅनला आकडे दिले: ट्रॅकची तीन सेशन 75 मिनिटांची, प्रत्येकी 7, रविवार 60 मिनिटं, 4. बेरीज 1815. मुलीचे आकडे: ट्रॅक 8, रविवार 6, शाळेचं "हलकं" 50 मिनिटांचं तेही 6, आणि सकाळचा अर्धा तास, तोही 6, कारण सायकल पुढे निघून जाते ना. बेरीज 3840. म्हणजे कोच 1815 चं ट्रेनिंग देत होते आणि अंगावर पडत होतं त्याच्या दुपटीहून जास्त. या आकड्याला अमुकच्या वर धोका अशी सगळ्यांना लागू होणारी रेघ नसते, तो ज्याच्या त्याच्या आधीच्या आठवड्यांशी ताडून बघायचा असतो. पण देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या आकड्यात एवढं अंतर पडलं की समजायचं कुठेतरी गळती आहे.

आणि एक गोष्ट, कारण पालक हमखास विचारतात. वयाच्या आकड्यापेक्षा जास्त तास आठवड्याला नकोत असा एक ढोबळ नियम सांगितला जातो. हिचे तास साडेनऊसुद्धा भरत नव्हते, वय चौदा, म्हणजे नियमात अगदी फिट! तासच मोजत बसलात तर असं होतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना आठवड्यातून निदान एक दिवस पूर्ण सुट्टी सांगते, आणि वर्षात दोन-तीन महिने त्या खेळापासून लांब. हिला दोन्ही नाही. वर झोप. साडेदहाला आडवी, पाचला उठवलेली, म्हणजे साडेसहा तास. 13 ते 18 वयाला आठ ते दहा तास लागतात, त्यात पळणाऱ्या पोराला तर लागतातच लागतात.

डॉक्टरांकडे पाठवलं, कारण ओव्हरट्रेनिंग, म्हणजे झेपण्यापलीकडचं ट्रेनिंग, हे मी काय, कोणीच नुसतं बोलून ठरवू शकत नाही. आधी ॲनिमिया, थायरॉईड, एखादं इन्फेक्शन वगैरे नाही ना हे बघावं लागतं, सगळं बाजूला पडलं तर मग तो शब्द. हिमोग्लोबिन चांगलं निघालं म्हणून वडील खूश झाले, पण फेरिटिन म्हणजे अंगातला लोहाचा साठा तळाला. आणि एक गोष्ट तिने मला सांगितली होती, मग तिच्या परवानगीने आईला, मग डॉक्टरांना: चार महिने पाळी नाही. ग्रुपमधल्या मोठ्या मुलीने सांगितलं होतं की फिट झालं की असंच होतं, चांगलं लक्षण आहे. हे वाक्य मी इतक्या पोरींच्या तोंडून ऐकलंय की आता ऐकलं की डोकंच फिरतं. ते चांगलं लक्षण अजिबात नाही. शरीराला जेवढी ऊर्जा लागते तेवढी मिळत नाही तेव्हा ते एकेक खातं बंद करायला लागतं आणि पाळी हे त्यातलं एक, मग हाडं कमकुवत होतात, दुखणी वाढतात, टाईमही बिघडतो. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 मध्ये याला रेड-एस असं नाव दिलं, आणि मुलगेही यातून सुटत नाहीत. ही मुलगी काही डाएट करत नव्हती, सकाळचं पळून धावतपळत शाळेत आणि तिथून ट्रॅकवर, खायला धड वेळच नव्हता आणि दमल्यावर भूकही मरायची. पाळी तीन महिने आली नाही, किंवा पंधरा पूर्ण झाली तरी सुरूच झाली नाही, तर ग्रुपमधल्या ताईला विचारत बसू नका, थेट डॉक्टर गाठा.

कोचना फोन केला, अर्थात घरच्यांना आणि मुलीला विचारून. पहिलं वाक्य अपेक्षेप्रमाणे, "मॅडम, पळवायचं काम माझं आहे." म्हटलं हो सर, मी फक्त वाचून दाखवते, आणि कागद वाचला. पलीकडे शांतता. मग आवाज एकदम खाली, "सकाळचं कोण पळवतंय?" त्यांनी काय केलं होतं तर टाईम बिघडला म्हणून रिपीट, म्हणजे तेच अंतर पुन्हा पुन्हा पळणं, वाढवले होते, चारशे मीटरचे सहा होते ते आठ केले, आणि मधली रेस्ट दोन मिनिटांवरून दीड मिनिटावर. पोरगी अजून हळू झाली. मग अजून कडक. बहुतेक ठिकाणी चक्र असंच फिरतं.

मला या इंटरव्हलच्या, म्हणजे पळा, थांबा, पुन्हा पळा अशा ट्रेनिंगच्या गोष्टीचं नेहमी नवल वाटतं. ही पद्धत बसवली त्यात जर्मनीचे कोच वोल्डेमार गेर्शलर, त्यांचा धावपटू रुडोल्फ हार्बिग 1939 मध्ये मिलानला आठशे मीटर 1:46.6 मध्ये पळाला आणि तो विश्वविक्रम 1955 पर्यंत टिकला. गेर्शलरचं म्हणणं काय होतं, पळून हृदयाचे ठोके मिनिटाला 180 च्या आसपास गेले की नंतरच्या दीड मिनिटात ते 120 पर्यंत उतरले पाहिजेत, उतरत नसतील तर आज जास्त झालंय, थांबा. म्हणजे त्यांचं निम्मं लक्ष रेस्टवर होतं. पुढे जगभर पोहोचले ते रिपीटचे आकडे, थांबायची अट वाटेत कुठेतरी गळाली. आणि हार्बिग तेव्हा पंचवीस वर्षांचा होता, चौदाचा नव्हता.

वडिलांचंही तसंच निघालं. सकाळचा प्रकार कुठून आला? तर नॉर्वेच्या धावपटूंचे व्हिडिओ, दिवसातून दोनदा पळतात आणि जग जिंकतात. आता ते लोक दोनदा पळतात खरं, पण मधेमधे थांबून रक्ताचा थेंब घेऊन लॅक्टेट, म्हणजे मेहनत किती जड जातेय हे दाखवणारा घटक, मोजतात आणि जास्त आलं तर वेग कमी करतात, सगळी मेहनत वेग आवरण्यासाठी चाललेली असते. बाबांनी दोनदा पळणं तेवढं उचललं, सुई ठेवून दिली. हे मी त्यांना म्हटलं तेव्हा पहिल्यांदा हसले बिचारे.

अजून एक त्यांना मनापासून सलत होतं, ग्रुपमधली मुलं सगळी फास्ट होतायत, ही एकटी मागे. मुलांना या वयात हार्मोन्सची साथ असते, स्नायू आपोआप वाढतात. मुलींचं शरीर त्याच सुमाराला वेगळ्या दिशेने बदलतं, वर्ष-दोन वर्षं टाईम जागेवर राहणं किंवा थोडा मागे जाणं अगदी सर्रास असतं. त्या काळात टाईम घसरला म्हणून घासायला लागलात तर पोर खेळच सोडते. हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मुलीलाही नाही, ती आपली समजत होती की आपणच जाड आणि ढ झालोय.

पुढे काय केलं ते थोडक्यात. डॉक्टरांच्या सल्ल्याने तीन आठवडे ट्रॅक बंद, मग हळूहळू. सकाळचं बंद. पीटी सरांना कोचनी स्वतः फोन केला, आता आठवडा एकाच कागदावर असतो. आणि माझ्या बाजूने एकच गोष्ट, वॉर्मअपच्या आधी कोचनी विचारायचं "किती?" आणि तिने शून्य ते दहा आकडा सांगायचा, आज किती दमलीय. कारण द्यायचं नाही, कोचनीही त्यावर भाष्य करायचं नाही, सात किंवा वर असेल तर त्या दिवशी हलकं. "सर मी दमले" हे वाक्य तिच्या तोंडून निघत नव्हतं, माझ्यासमोर प्रॅक्टिस करतानाही घसा भरून यायचा, पण आकडा निघत होता. पहिले दहा दिवस पठ्ठी रोज "तीन". शेवटी कोचच म्हणाले, "तीन तर मलापण नसतं गं." दुसऱ्या दिवशी "सहा". मला फोन करून सांगितलं त्यांनी, एखाद्या मेडलसारखं.

फेरिटिन वर यायला काही महिने गेले, पाळी पाचव्या महिन्यात परत आली. टाईम? मागच्या मीटला 2:24. म्हणजे 2:21 अजून लांबच आहे आणि येईलच असं मी कोणाला वचन दिलेलं नाही. ती हल्ली चारशे करून बघू का म्हणतेय, अजून ठरलेलं नाही. वहीत "कसं वाटलं" च्या रकान्यात परवा लिहिलेलं होतं, "बोअर झालं, पाऊण तास नुसतं हळू", आणि खाली कोचची सही.

वडिलांनी कबूल केलंय की ट्रॅकवर स्टॉपवॉच काढायचं नाही. काढत नाहीतही. पण ती सांगत होती की दोनशेच्या खुणेपाशी ते कुंपणाला टेकून उभे असतात, हात खिशात, आणि ती समोरून गेली की खिशात अंगठा हललेला दिसतो.

"मग तू काय करतेस?"

"काही नाही," म्हणाली, "तेवढं चालतं."