साउंड डिझाइन शिकायचंय ना, मग बीएस्सी सोडू नका

नमस्कार ताई,

पत्र मिळालं. बाकी वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगतो. ताई अमळनेर तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहेत, मिस्टर एसटीत कंडक्टर, मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, फिजिक्स घेऊन. तिच्या मामेभावाचा युट्यूबवर अहिराणी कॉमेडीचा चॅनल आहे आणि त्या व्हिडिओंचा आवाज ही पोरगी सांभाळते, वाऱ्याने खराब झालेले डायलॉग परत म्हणवून घेते, भाकरी थापल्याचा, गोठ्यातल्या घुंगरांचा आवाज स्वतः रेकॉर्ड करून टाकते. आता तिला सिनेमा आणि वेब सिरीजसाठी साउंड डिझाइन शिकायचंय. मुंबईतला एका खाजगी संस्थेचा एक वर्षाचा कोर्स तिने शोधलाय, फी साडेतीन लाख, त्यासाठी कॉलेज सोडायचीही तयारी आहे. आजी म्हणते "हाई काय नवीन खूळ शे", आणि ताई विचारतात की सोनं गहाण ठेवून फी भरू का, आणि मुलीसाठी हे काम सुरक्षित आहे का.

तर ताई, सोनं घरातच राहू द्या, बीएस्सी पूर्ण होऊ द्या, पण तिचं हे आवाजाचं काम बंद करू नका, उलट वाढू द्या. का ते सांगतो, जरा लांबेल.

आधी हे काम काय असतं ते बघू, कारण घरात आजीपासून सगळ्यांना ते समजलं पाहिजे. समजा एक साधा सीन आहे. संध्याकाळची वेळ, बाई चुलीपुढे भाकरी थापतेय, बाहेर एसटी थांबते, नवरा उतरतो, दारात येतो, दोघं चार वाक्यं बोलतात. शूटिंगला तिथे लोकेशन साउंड रेकॉर्डिस्ट असतो आणि सोबत बूम ऑपरेटर, म्हणजे लांब काठीच्या टोकाला माईक धरून उभा असलेला माणूस, माईक फ्रेममध्ये दिसता कामा नये आणि तोंडापासून लांबही जाता कामा नये, शिवाय कपड्यात लपवलेले छोटे लेपल माईक. यांचं मुख्य काम म्हणजे डायलॉग स्वच्छ घेणं. शॉट झाले की सगळ्यांना गप्प उभं करून त्या खोलीची नुसती शांतता अर्धा-एक मिनिट रेकॉर्ड करतात, तिला रूम टोन म्हणतात, कारण पुढे एडिटिंगमध्ये दोन वाक्यांच्या मधला खोकला कापला तर तिथे एकदम मुकं वाटतं, आणि ती जागा भरायला त्याच खोलीची शांतता लागते, दुसऱ्या खोलीची चालत नाही.

एडिटिंग पक्कं झालं की स्टुडिओतलं काम सुरू. डायलॉग एडिटर एकेक वाक्य साफ करतो, जे सुधारतच नाही ते नटाला बोलावून डब करून घेतात. मग अँबियन्स, म्हणजे त्या जागेचा आवाज, घरट्याकडे निघालेली पाखरं, लांबचं भजन, शेजारचा टीव्ही. मग इफेक्ट्स, एसटीचं इंजिन, ब्रेक, दार आपटल्याचा आवाज, कंडक्टरची घंटी (एकदा वाजली की काय आणि दोनदा वाजली की काय हे तिला वडिलांकडूनच कळेल, आणि चुकीची घंटी वापरली तर गावातल्या प्रेक्षकाला लगेच कळतं). मग फोली, म्हणजे पडद्याकडे बघत बघत पावलं, साडीची सळसळ, बांगड्या, परातीतलं पीठ हे सगळं स्टुडिओत हाताने करून रेकॉर्ड करायचं. सगळ्यात शेवटी मिक्सिंग, तिथे डायलॉग, म्युझिक आणि इफेक्ट्स यांचं प्रमाण ठरतं. साउंड डिझायनर या सगळ्यांचा मिळून विचार करतो, की एसटी निघून गेल्याचा आवाज बाईला ऐकू येतो का, तो ऐकून तिचे हात थांबतात का, थांबले तर त्या वेळी फक्त चुलीची तडतड ठेवायची का म्युझिक आणायचं. तुमची मुलगी मामेभावाच्या व्हिडिओत हेच छोट्या प्रमाणात करतेय, कोणी न शिकवता, म्हणून मला तिच्याबद्दल आशा वाटते.

आता काम मिळतं का? मिळतं, आणि एक कारण लोकांना माहीत नसतं. सिरीज एका भाषेतून दुसऱ्या भाषेत डब करायची तर मूळ डायलॉगचा ट्रॅक काढून टाकावा लागतो, आणि तो काढला की शूटिंगला त्यात आलेली पावलं, भांडी, कपड्यांचे आवाज पण निघून जातात. त्यामुळे डायलॉग सोडून बाकी सगळं भरलेला वेगळा ट्रॅक तयार ठेवावा लागतो, त्याला एम अँड ई, म्हणजे म्युझिक अँड इफेक्ट्स म्हणतात, आणि ओटीटीवाले तो मागतात. म्हणजे फोली आणि इफेक्ट्सचं काम प्रत्येक सिरीजमागे वाढलं. शिवाय लगान, म्हणजे २००१ नंतर हिंदीत सिंक साउंड, म्हणजे शूटिंगच्याच वेळचे डायलॉग ठेवायची पद्धत रुळली, त्यामुळे लोकेशनवर चांगली माणसं लागतात. मराठीत सुद्धा, २०१४ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत लोकेशन साउंडचा पुरस्कार ख्वाडाला मिळाला, मेंढपाळांच्या जगण्यावरचा सिनेमा, सगळा रानावनातला.

आता बीएस्सीचं. पुण्याची एफटीआयआय, म्हणजे फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया, लॉ कॉलेज रोडला, जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत, १९६० पासून चालू असलेली केंद्र सरकारची संस्था. तिथे साउंड रेकॉर्डिंग आणि साउंड डिझाइनचा तीन वर्षांचा कोर्स आहे आणि त्याला पदवी लागते, कोणत्याही शाखेची, पण बारावीला फिजिक्स हवं. तुमच्या मुलीकडे फिजिक्स आहे, पदवी दीड वर्षावर आलीय, आणि नेमकी आत्ता ती कॉलेज सोडायला निघालीय! सोडलं तर देशातल्या सगळ्यात चांगल्या जागेचं दार ती स्वतःच्या हाताने लावून घेईल. कलकत्त्याच्या सत्यजित राय फिल्म संस्थेतही साउंडचा कोर्स आहे, तोही पदवीनंतरचाच. २००९ ला साउंड मिक्सिंगचं ऑस्कर घेतलेले रसूल पुकुट्टी एफटीआयआयचेच, केरळातल्या एका खेड्यातून आलेले. जागा मोजक्याच असतात, प्रवेश परीक्षा होते, पुढे मुलाखत वगैरे, सरकारी नियमाने आरक्षण असतं, हॉस्टेल असतं. पहिल्याच वर्षी नंबर लागेल असं धरून चालू नका, बरेच जण परत परीक्षा देतात. एफटीआयआय छोटे कोर्सेसही घेते, काही ऑनलाइन असतात, त्यातला साउंडचा एखादा सुट्टीत करता आला तर बघा, कमी पैशात अंदाज येतो. पात्रता, फी आणि तारखा मात्र त्या त्या वर्षाच्या जाहिरातीतच बघा, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका, माझ्याही.

खाजगी कोर्स वाईटच असतात असं मी म्हणत नाही, काही चांगले आहेत. पण साउंड इंजिनिअरिंग या नावाखाली बऱ्याच ठिकाणी मुख्यतः गाणी रेकॉर्ड करणं आणि स्टेज शोचा साउंड हेच शिकवतात, आणि तुमच्या मुलीला तर पडद्यासाठीचं काम करायचंय. म्हणून पदवीनंतर असा कोर्स घ्यायची वेळ आलीच तर आधी सिलॅबस मागवा आणि त्यात डायलॉग एडिटिंग, फोली, लोकेशन रेकॉर्डिंग, फिल्म मिक्सिंग याला किती वेळ दिलाय ते बघा. एका विद्यार्थ्याला स्टुडिओ किती तास मिळतो ते विचारा. शंभर टक्के प्लेसमेंट हे वाक्य सोडून द्या, जुन्या विद्यार्थ्यांची नावं मागा आणि ती कोणत्या सिनेमाच्या, सिरीजच्या श्रेयनामावलीत येतात ते तपासा. ही माहिती जी संस्था देत नाही तिथे तुमच्या अंगावरचं सोनं देऊ नका.

आता इथून पुढचं पोरीला वाचायला द्या.

पोरी, मोबाईलवर तू जे रेकॉर्ड करतेस त्यात मोबाईल स्वतःच्या मनाने फेरफार करतो, हळू आवाज वर ओढतो, मागचा आवाज दाबतो, त्यामुळे ऑटो गेन आणि नॉइज कमी करायचं सेटिंग बंद करता येईल असं ॲप घे. फाईल एमपीथ्री नको, वेव्ह ठेव, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट, सिनेमाच्या कामात हेच चालतं. लेव्हल अशी ठेव की मोठ्यातला मोठा आवाज मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील, एकदा मीटर लाल झाला की तो टेक फाटला समज. पुढे पैसे जमले तर झूम किंवा टॅस्कॅम कंपनीचा हातात धरायचा छोटा रेकॉर्डर घे, एका साध्या मोबाईलच्या किमतीत येतो, आणि त्याच्यासोबत माईकवर घालायचं फरचं कव्हर घ्यायला विसरू नको, आपल्याकडे मे महिन्यात वारं कसं सुटतं ते तुला सांगायला नको. एडिटिंगला दा विंची रिझॉल्व्हचं फुकट व्हर्जन चालेल, त्यात फेअरलाइट नावाचा साउंडचा पूर्ण भाग आहे, किंवा रीपर वापर, ते ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं आणि वैयक्तिक लायसन्स ६० डॉलरला आहे. मोठ्या स्टुडिओत प्रो टूल्स असतं, ते नंतर शिकशील, कान तयार असला तर सॉफ्टवेअरला वेळ लागत नाही.

आणि कान तयार करायला खान्देश सोडून कुठे जायची गरज नाही. एकच जागा घे, तुमचं अंगणच घे, पहाटे, भर दुपारी आणि रात्री तिथे पाच-पाच मिनिटं रेकॉर्ड कर, हेडफोन लावून ऐक आणि काय काय ऐकू येतं ते वहीत लिही, जवळचं वेगळं, लांबचं वेगळं. हळूहळू संग्रह करायला लाग. भरताची वांगी भाजताना पऱ्हाटीचा जाळ कसा तडतडतो. सिझनला जिनिंगमध्ये कापूस कसा ओढला जातो, आत मशीनजवळ आणि बाहेर गेटपाशी. रावेर-यावलकडे कोणी नातेवाईक असतील तर केळीच्या बागेत वारं घुसल्यावर फाटक्या पानांचा आवाज, तो उसाच्या फडापेक्षा पूर्ण वेगळा असतो. श्रावणात कानबाईची गाणी आणि दुसऱ्या दिवशीची मिरवणूक, वैशाखात बोरीकाठी सखाराम महाराजांचा रथ, अमळनेर स्टेशनवरून न थांबता जाणारी मालगाडी. दत्तजयंतीला सारंगखेड्याला घोडेबाजार भरतो, तिथे मातीवर, रस्त्यावर, चालणाऱ्या आणि पळणाऱ्या घोड्यांच्या टापा घे, स्टुडिओत नारळाच्या करवंट्यांनी टापा करतात, तू दोन्ही करून शेजारी शेजारी ठेवून ऐक, त्यातून खूप शिकशील. प्रत्येक फाईलला नाव, तारीख, जागा, किती अंतरावरून घेतलं हे लिहून ठेव, नाव नसलेली फाईल वेळेवर सापडत नाही. माणसांचं बोलणं किंवा गाणं घ्यायचं असेल तर आधी विचारून घे, नंतर कुठे वापरणार तेही सांग. नेटवरचे आवाज वापरायचे तर लायसन्स वाच, फ्रीसाउंड या वेबसाइटवर काही पूर्ण मोकळे असतात, काहींना नाव द्यावं लागतं, काही कमाईच्या कामात चालतच नाहीत, आणि मामेभावाच्या चॅनलला जाहिराती असतील तर ते कमाईतच धरलं जाईल.

मग मामेभावाकडून एक दोन-तीन मिनिटांचा कमी डायलॉगचा सीन शूट करून घे, कॉमेडी नसला तरी चालेल. त्याचा सगळा आवाज काढून टाक, फक्त चित्र ठेव, आणि पावलापासून पाखरापर्यंत सगळं नव्याने तयार कर, म्युझिक अजिबात न वापरता, म्युझिक घातलं की कच्चं काम झाकलं जातं. सगळं भरून झाल्यावर एकेक आवाज काढून बघ, कोणता काढला तरी चालतोय. असे दोन-तीन सीन झाले की ती तुझी रील, म्हणजे कामाचा नमुना, मुलाखतीला किंवा स्टुडिओत असिस्टंट म्हणून जाताना हेच ऐकवायचं. अहिराणी तुझी मायबोली आहे हेही लक्षात ठेव, बोलीभाषेतला डायलॉग एडिट करताना कुठला श्वास ठेवायचा आणि कुठला शब्द कापला तर अर्थ जातो हे त्या बोलीच्या माणसालाच कळतं. आणि कॉलेजात साउंड वेव्ह, रेझोनन्स, डेसिबल हे भाग मार्कांपुरते करू नको, प्रवेश परीक्षेतही कामाला येतील आणि पुढे रोजच.

कानांना जप. ८५ डेसिबलच्या वर तासन्‌तास राहिलं तर ऐकणं कायमचं कमी होऊ शकतं आणि लग्नाच्या वरातीत डीजेच्या भिंतीपुढे त्याच्या कितीतरी वर असतं, तिथे लांब उभी राहा नाहीतर कानात इअरप्लग घाल. हेडफोनचा आवाज कमी ठेवून काम करायची सवय आत्ताच लाव.

ताई, सुरक्षेबद्दल. लोकेशनची शिफ्ट मुंबईत साधारण १२ तासांची असते, पॅकअपला उशीर होतो, बाहेरगावी राहावं लागतं. स्टुडिओतलं काम एका जागी बसून असतं, पण रिलीजच्या आधी तिथेही रात्री होतात. मुली दोन्हीकडे काम करतात. काम घेताना रात्री घरी सोडायची गाडी आहे का, युनिटमध्ये आणखी बायका आहेत का, राहायची सोय कुठे, हे आधीच विचारायचं, त्यात लाजायचं कारण नाही. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे २०१३ च्या कायद्याने लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असावीच लागते, हे तिला माहीत असू द्या. पैशाचं म्हणाल तर पहिली काही वर्षं असिस्टंट म्हणून कमी मिळतात, काम सलग नसतं, पेमेंट उशिरा येतं, आणि मुंबईत राहायचा खर्च थांबत नाही. म्हणून ते सोनं फीसाठी मोडण्यापेक्षा त्या काळासाठी हाताशी असलेलं बरं.

मिस्टरांनाही हे पत्र वाचून दाखवा. दिवाळीच्या सुट्टीत तिचा एक सीन तयार झाला तर मला पाठवा, फाईल ड्राइव्हवर टाकून तिची लिंक, व्हॉट्सॲपवर फाईल नको, तिथे आवाज दाबला जातो. ऐकून काय जमलंय आणि काय नाही ते मी तिलाच सविस्तर लिहीन.