शुक्रवारी अक्कलदाढ काढली तर सोमवारी ऑफिसला जाता येईल का? लवकर बरं व्हायला काय करावं?

तुमची खालची दाढ आडवी आहे आणि सोमवारी प्रेझेंटेशन आहे, असं तुम्ही लिहिलंय. मी डॉक्टर नाही, पण खालच्या दोन्ही अक्कलदाढा काढून झाल्यात, आठ महिन्यांच्या अंतराने. पहिल्या वेळी मी स्वतःच्या हाताने वाट लावून घेतली. दुसऱ्या वेळी पाचव्या दिवशी वरणात कुस्करलेली पोळी खात होते.

आधी सोमवारचं. दाढ सरळ वर आलेली असेल तर प्रश्न नाही. आडवी असेल तर हिरडी कापतात, थोडं हाड कोरतात, बऱ्याचदा दाढेचे तुकडे करून काढतात आणि टाके घालतात. याची सूज त्या दिवशी फारशी दिसतच नाही. ती दोन-तीन दिवसांनी सगळ्यात जास्त असते. म्हणजे तुमच्या हिशोबात रविवार-सोमवार. जबडा आखडतो, तोंड धड उघडत नाही, बोलताना शब्द चावल्यासारखे येतात. बसून करायचं काम असेल तर जा, पण प्रेझेंटेशन त्या आठवड्याच्या शेवटी ढकलता आलं तर ढकला.

आता माझी चूक. दाढ काढली त्या संध्याकाळी तोंडात रक्ताची चव येत होती, म्हणून मी दर पाच मिनिटांनी बेसिनपाशी. थुंकायचं, चूळ भरायची, आरशात बघायचं. त्यात आत्या म्हणाली, मिठाच्या गरम पाण्याच्या गुळण्या कर, जखम स्वच्छ राहते. मी घसा खरवडून गुळण्या केल्या. दोन दिवस बरे गेले आणि तिसऱ्या रात्री जो ठणका सुरू झाला तो थेट कानापर्यंत. गोळीने ढिम्म फरक पडेना, तोंडाला घाण वास. डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, ड्राय सॉकेट.

झालं असं होतं, की दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, तीच आतल्या हाडावरचं झाकण असते. नवीन मांस तिच्यावरच धरतं. मी ती धुऊन काढली होती आणि हाड उघडं पडलं होतं. डॉक्टरांनी खड्डा धुऊन लवंगेच्या वासाचं औषध भरलं, अर्ध्या तासात जीव परत आला. पण पुढे चार-पाच दिवस हेलपाटे.

तेव्हा पहिले 24 तास काही न करणं हेच काम. कापसाचा बोळा किंवा गॉज देतील, तो पाऊणएक तास घट्ट चावून धरा, काढून काढून बघू नका. लाळ गिळा. थोडं रक्त भरपूर लाळेत मिसळलं की तोंडभर रक्त वाटतं, घाबरायला होतं, पण तसं नसतं. भळाभळा वाहत असेल तर नवा ओला गॉज अर्धा तास चावून बसा आणि तरी थांबलं नाही तर फोन करा. चूळ नाही, गुळणी नाही, स्ट्रॉ नाही. भेटायला येणारं कुणीतरी शहाळं आणणारच, ते ग्लासात ओतून घ्या. ओढून पिताना तोंडात जो ताण पडतो त्याने गुठळी सुटू शकते. सिगारेट, तंबाखू, मशेरी यातलं काही असेल तर निदान आठवडाभर बंद. ड्राय सॉकेटचं एक मोठं कारण तेच आहे.

दुसऱ्या दिवसापासून मात्र मिठाचं पाणी हवंच. कोमट, जेवणानंतर. खळखळवायचं नाही, तोंडात घ्या, मान हळूच इकडेतिकडे कलवा आणि तोंड उघडून पाणी आपोआप पडू द्या. बाकीचे दात घासत राहा, तो कोपरा सोडून.

वेदनेच्या गोळीसाठी भूल उतरायची वाट बघू नका, ठणका सुरू झाल्यावर गोळी मागे पडते. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल अशी जोडी बऱ्याच जणांना देतात; अल्सर, दमा, किडनीचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. अँटिबायोटिक दिलं असेल तर कोर्स पूर्ण करा आणि त्यात मेट्रोनिडाझोल असेल तर दारू नको. बर्फ पहिल्याच दिवशी, रुमालात गुंडाळून गालावरून, पंधरा-वीस मिनिटं ठेवायचा आणि तेवढाच वेळ काढायचा. नंतर बर्फाचा फारसा उपयोग नाही, तिसऱ्या दिवसापासून कोमट शेक द्या. झोपताना दोन उशा.

खाण्याचं मी दुसऱ्या वेळी आदल्या दिवशीच ठरवलं होतं. भूल असेपर्यंत काही खायचं नाही, गाल चावला तरी कळत नाही. मग थंड ताक, दही, आईस्क्रीम (कोनाशिवाय). दुसऱ्या दिवसापासून नाचणीची आंबील, मुगाच्या डाळीची आसट खिचडी, गुरगुट्या भात, सगळं कोमट. भाताला मोहरीची फोडणी नको, ती कुठे जाऊन बसते ते पुढे सांगते. चिवडा, शेंगदाणे, तिळाची चटणी दोन आठवडे विसरा.

तिसऱ्या दिवसानंतर सूज उतरण्याऐवजी वाढत असेल, ताप किंवा पू असेल तर त्याच दिवशी दाखवा. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर सरळ हॉस्पिटल. दुसऱ्या दिवशीही खालचा ओठ बधिर असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला. खालच्या दाढेजवळून नस जाते, तिला धक्का लागू शकतो. बहुतेकांचं काही आठवड्यांत-महिन्यांत ठीक होतं, पण नोंद असलेली बरी.

टाके आठवड्याने काढतात किंवा विरघळतात, खड्डा मात्र राहतो. हिरडी भरायला महिनाभर, आतलं हाड भरायला काही महिने. त्या खड्ड्यात सगळं जाऊन बसतं. काडीने कोरू नका. आठवडा झाल्यावर डॉक्टरांना विचारून बिनसुईच्या सिरिंजने कोमट पाणी हळू सोडा. माझ्या खड्ड्यातून सतराव्या दिवशी पोह्यातली मोहरी निघाली, अख्खी.