ज्या अल्बममध्ये ‘काहीच घडत नाही’, त्यावर लिहायचं काय?

तुमचा प्रश्न असा: प्रोग्रेसिव्ह रॉकवर तुम्ही लिहिता, तिथे सोलो असतात, ताल बदलतात, शब्द असतात. पण ॲम्बियंट (भोवतालात मिसळून जाणारं संथ संगीत) किंवा प्रायोगिक अल्बम समोर आला की दहा-दहा मिनिटं तोच सूर चालू. मग परीक्षणात लिहायचं काय, आणि तारे द्यायचे कशाच्या जोरावर?

माझं सरळ उत्तर: काय बदलतंय आणि किती वेळाने बदलतंय, ते लिहा. ऐकायला बसलात की त्यातच पानभर मजकूर निघतो.

इंग्लिश संगीतकार ब्रायन ईनोचा ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ (१९७८) घेऊ. ॲम्बियंट हे नाव रूढ झालं ते याच मालिकेपासून. त्यातला ‘२/१’ हा तुकडा नुसत्या बायकांच्या आवाजांचा आहे. शब्द नाहीत, फक्त लांब धरलेले एकेक सूर, आणि प्रत्येक सूर टेपच्या वेगळ्या लूपवर, म्हणजे टोकं जोडून गोल फिरणाऱ्या तुकड्यावर. एक लूप साडेतेवीस सेकंदांनी फिरून येते, दुसरी सव्वीसला किंचित कमी असताना, तिसरी तिसाच्या अगदी अलीकडे. टेप इतकी लांब झाली की जर्मनीत ध्वनिमुद्रक कॉनी प्लांकच्या स्टुडिओत ती ॲल्युमिनियमच्या नळीच्या खुर्च्यांना वळसे घालत फिरवावी लागली. या आकड्यांचा एकमेकांशी सहजासहजी मेळ बसत नाही. म्हणून कधी दोन-तीन सूर एकावर एक येऊन दाटी होते, तर कधी सगळेच एकदम थांबतात आणि काही सेकंद काहीच ऐकू येत नाही. ईनोने नियम ठरवला आणि तो बाजूला झाला.

हे ऐकताना माझ्या वहीत असं काही येतं: एकच सूर आत्ता एकटा आला तेव्हा उदास वाटला, पुढच्या खेपेला खालच्या सुराच्या सोबतीने आला तर निवांत वाटला. सूर तोच, शेजारी बदलले. हे एक वाक्य वाचकाच्या हातात काहीतरी देतं. ‘तरल’, ‘गूढ’, ‘वेगळ्याच विश्वात नेणारं’ हे शब्द मात्र काहीच देत नाहीत, कारण ते उचलून दुसऱ्या कुठल्याही अल्बमला चिकटवता येतात. ‘ब्रह्मानंदी टाळी लागली’ असं लिहायचा मोह झाला तर टाळी नेमकी कितव्या मिनिटाला लागली तेही लिहा.

दुसरी गोष्ट, अल्बमने स्वतः काय कबूल केलंय ते बघा. ईनोने या रेकॉर्डसोबतच्या टिपणात मांडलेला मुद्दा असा की ॲम्बियंट संगीत जितकं लक्ष देण्याजोगं, तितकंच दुर्लक्ष करण्याजोगं असलं पाहिजे. झालं, परीक्षकाला कसोटी फुकटात मिळाली. एकदा हेडफोन लावून ऐका आणि एकदा बारीक आवाजात लावून स्वयंपाक करा. दोन्हीकडे टिकलं तर पास. माझ्या मते ‘१/१’ टिकतो. त्यातल्या रॉबर्ट वायटच्या पियानोकडे कान दिला तरी गोडी, नाही दिला तरी त्रास नाही. शेवटचा ‘२/२’ फक्त सिंथेसायझरवरचा आहे. तो दुर्लक्ष करण्याजोगा आहे हे नक्की, लक्ष देण्याजोगा कितपत, याबद्दल मी साशंक आहे. हे संगीत १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळाच्या एका टर्मिनलमध्ये खरोखर वाजवलंही गेलं, तेव्हा नावातली गंमत नुसती नावापुरती नव्हती.

प्रोग्रेसिव्हमध्ये अडचण उलटी. तिथे इतकं घडतं की परीक्षण म्हणजे जमाखर्चाची वही होते: इथे सात मात्रा, तिथे अकरा, मग मेलोट्रॉन (टेपवरचे सूर वाजवणारा कीबोर्ड), मग बासरी. मात्रा मोजता येतात हे दाखवायची आपल्याकडे भारी हौस. मोजा, पण त्या मोजणीने काय साधलं तेही सांगा. किंग क्रिमझन या बँडच्या ‘डिसिप्लिन’ अल्बममधला (१९८१) ‘फ्रेम बाय फ्रेम’ ऐका. रॉबर्ट फ्रिप आणि एड्रियन बेल्यू हे दोघं गिटारवर एकच आकृती वाजवत असतात, मग एकाच्या आवर्तनातला एक सूर गळतो. एकाचं आवर्तन चौदाचं, दुसऱ्याचं तेराचं. दोघं हळूहळू एकमेकांपासून सरकतात आणि दर आवर्तनाला आणखी एका सुराचं अंतर पडतं. समेची सवय असलेल्या कानाला इथे अक्षरशः खाज सुटते: हे दोघं परत भेटणार कधी? परीक्षणात लिहायचं ते हे वाट बघणं. तेरा आणि चौदा हे आकडे त्या वाट बघण्याचं कारण म्हणून यावेत.

आणि लांबीचा हिशेब मागायला कचरू नका. त्याच बँडच्या १९६९ च्या पहिल्या अल्बममधला ‘मूनचाइल्ड’ बारा मिनिटांचा. सुरुवातीची दोन-अडीच मिनिटं सुंदर गाणं, पुढे सगळी संथ, तुटक, उत्स्फूर्त वाजवणी. अल्बम दिग्गज आहे म्हणून तिथेही माना डोलावणारे खूप आहेत. मला तो भाग आजही जागा भरायला ठेवल्यासारखा वाटतो. भक्तमंडळी रागावतील, रागावू देत.

प्रायोगिक अल्बमच्या बाबतीत मोठा धोका म्हणजे गोष्ट. अमेरिकन संगीतकार विल्यम बसिन्स्कीच्या ‘डिसइंटिग्रेशन लूप्स’चं उदाहरण बघा. जुन्या टेप-लूप २००१ च्या उन्हाळ्यात तो डिजिटल करायला बसला, तर टेपवरचा चुंबकीय थर फिरता फिरता झडायला लागला. त्याने मशीन चालूच ठेवलं. पहिला तुकडा तासाभराहून थोडा मोठा आहे. काही सेकंदांची तीच धून, आणि तिच्यात हळूहळू पडत जाणारी भोकं. मग ११ सप्टेंबर आला. ब्रुकलिनमधल्या गच्चीवरून त्याने संध्याकाळचा धूर चित्रित केला, आणि त्यातलीच चित्रं अल्बमच्या मुखपृष्ठांवर आली. ही हकिगत इतकी जबरदस्त आहे की निम्मी परीक्षणं हकिगत सांगूनच संपतात. मी आधी तिला बाजूला ठेवून ऐकतो. पहिला तुकडा गोष्टीशिवायही उभा राहतो, कारण झड एकसारखी होत नाही. ठोका आधी जातो, त्याची गुंज मागे राहते, आणि कान रिकाम्या जागी तो ठोका आपणहून भरत राहतो. पुढच्या काही तुकड्यांना मात्र गोष्टीचा टेकू लागतो. ते तसं लिहावं.

आपल्या मुंबईचं उदाहरण याच जातीचं. चरणजित सिंग यांचा ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ १९८२ मध्ये निघाला तेव्हा कुणी फारशी दखल घेतली नाही. २०१० मध्ये तो पुन्हा बाजारात आला आणि ‘ॲसिड हाउस (शिकागोच्या क्लबांतलं यांत्रिक नाचाचं संगीत) शिकागोच्या आधी मुंबईत जन्मला’ असा गाजावाजा झाला. रोलंड कंपनीचं टीबी-३०३ (बास सिंथेसायझर) आणि टीआर-८०८ (ताल वाजवणारं यंत्र) दोन्हीकडे आहेत, म्हणून आवाजात साम्य आहे. पण शिकागोच्या पोरांनी हा अल्बम ऐकून काही केलं असा धागा सापडत नाही. ‘आधी कोण’ यात अडकलं की खरी मजा निसटते. ३०३ मधला सूर घसरत घसरत वर जातो ती खोड मींडेच्या जवळ जाते आणि खाली ढोलकी नसून ठोकळेबाज डिस्को चालू असतो. राग तिथे किती उरतो, यावर दोन परिच्छेद सहज लिहिता येतील.

तंबोऱ्याबद्दलही दोन शब्द, कारण मराठी परीक्षणात तो हमखास येतो. टेरी रायली आणि ला मॉन्ट यंग हे दोघं अमेरिकन संगीतकार किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांकडे खरोखर शिकले, तेव्हा त्यांच्या लांब सुरांमागे तंबोरा ऐकू आला तर ते लिहिणं रास्तच. हेच घराणं अब्दुल करीम खाँसाहेबांमुळे मिरजेला जोडलेलं, आणि मिरजेचे तंबोरे जगभर जातात, त्यामुळे आपल्याला जवारीचा झणकार वेगळा समजावून द्यावा लागत नाही. पण म्हणून प्रत्येक लांब सुराला ‘हे आपल्याकडूनच घेतलं’ म्हणू नका. ईनोची वाट वेगळी आहे. अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइशने १९६५ मध्ये एका रस्त्यावरच्या धर्मोपदेशकाचा आवाज दोन टेपवर मागेपुढे सरकवला होता. त्या प्रयोगाचा स्वतःवर परिणाम झाला हे ईनोने सांगितलेलं आहे.

ताऱ्यांचं म्हणाल तर ॲम्बियंटला मी देत नाही. ‘कामाच्या वेळी चालेल, हेडफोनवर पाव तासात संपतं’ एवढं सांगितलं की ऐकणाऱ्याचं काम होतं. प्रोग्रेसिव्हला हवे तर द्या, तिथले वाचक भांडायलाच येतात. फक्त फोनच्या स्पीकरवर ऐकून यातल्या कशावरही लिहू नका. खालचे सूर तिथे पोचतच नाहीत, आणि अशा संगीतात अर्धी हालचाल खालीच चालते.

सुरुवात करायला ईनोचाच ‘डिस्क्रीट म्युझिक’ (१९७५) बरा. पहिली बाजू म्हणजे अर्ध्या तासाचा एकच तुकडा: दोन छोट्या धुना टेपच्या विलंबातून फिरत राहतात. दुसऱ्या बाजूला पाखेलबेल या जुन्या जर्मन संगीतकाराच्या ‘कॅनन’ या रचनेची तीन रूपं आहेत, तिथे वादकांना मूळ स्वरलिपीचे तुकडे आणि चमत्कारिक सूचना दिल्या आहेत. एका रूपात वाद्य जितकं खालच्या पट्टीचं, तितकी त्याची लय मंदावत जाते. एकाच माणसाच्या दोन युक्त्या, एक यंत्रावरची आणि एक माणसांकडून करून घेतलेली. कुठली जमली आणि का, यावर चारशे शब्द लिहून बघा. माझं मत पहिल्या बाजूला. तुमचं उलटं निघालं तर ते मला वाचायला आवडेल.