तुमची गाडी, तुमचे प्रश्न : अलॉयवरचा जुना रंग काढायचाय

प्रश्न : नमस्कार दादा, आमच्याकडे २०१०ची फियाट लिनिया आहे, आपल्या रांजणगावलाच बनलेली, बाबांनी हौसेनं घेतलेली, त्यामुळे विकायची नाहीये, हळूहळू पहिल्यासारखी करतोय. चारही अलॉयचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या चाकांचं, लॅकर (वरचा पारदर्शक थर) सुटलंय, मधे कधीतरी कोणीतरी वरून चंदेरी स्प्रे मारला होता त्याचेही पोपडे निघतायत आणि काठाला पांढरी पावडर धरलीये. बोहरी आळीत एकानं पेंट रिमूव्हरचा डबा दिला, शेजारी उभा असलेला म्हणाला कशाला खर्च करता, बादलीत कॉस्टिक सोडा घाला, रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी लख्ख. भोसरीतला एक जण ब्लास्टिंग करून, म्हणजे दाबानं बारीक कण मारून रंग काढून, द्यायला तयार आहे. नक्की काय करू? कोथरूडला फ्लॅट आहे, जागा म्हणजे पार्किंग नाहीतर गच्ची.

उत्तर : आधी कॉस्टिकचं सांगतो, ते अजिबात करू नका. मी स्वतः अनेक वर्षांपूर्वी एका सुट्या चाकावर करून बघितलंय. सोडा पाण्यात टाकल्यावर पाणी आधीच गरम झालं, चाक आत सोडल्यावर रंग निघाला तिथून खदखदून बुडबुडे यायला लागले, आणि तासाभरानं बाहेर काढलं तर चाक काळंकुट्ट. लोखंडाला कॉस्टिक चालतो, अ‍ॅल्युमिनियमला तो खातो, रंग संपला की धातूच खायला घेतो आणि त्यातून हायड्रोजन सुटतो, म्हणजे बंद जागेत एखादी ठिणगी पुरते. काळं का पडतं, तर अलॉयच्या धातूत साधारण ७ टक्के सिलिकॉन असतं, अ‍ॅल्युमिनियम विरघळतं आणि सिलिकॉन काजळीसारखं वर राहतं. ती काजळी घासून निघाली, पण खाली बारीक खड्डे पडले ते पडलेच, ते चाक मी परत गाडीला लावलं नाही.

आता तुमचा डबा. त्यावर मिथिलीन क्लोराईड असं लिहिलंय का बघा. लिहिलं असेल तर काम झटपट होतं पण जपून वापरायची वस्तू आहे, अमेरिकेत २०१९ साली घरगुती वापरासाठी ते विकायलाच बंदी आणली, कारण बाथरूमसारख्या बंद जागेत काम करताना माणसं दगावलीत. वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचते, म्हणून तळघरातलं पार्किंग नको, गच्चीच बरी, तीही संध्याकाळी ऊन उतरल्यावर, कारण हे औषध ४० अंशालाच उकळतं, उन्हात तापलेल्या चाकावर लावलं तर काम करायच्या आत उडून जातं. पातळ रबरी किंवा नायट्राइलचे हातमोजे यात काही मिनिटंच टिकतात, त्यामुळे त्या केमिकलला चालणारे मोजे मागून घ्या, डोळ्यांना गॉगल लावाच. बेंझिल अल्कोहोलचा रिमूव्हर मिळाला तर मी तोच घेईन, वेळ जास्त लागतो पण एवढा जहाल नसतो.

टायर मात्र काढूनच घ्या. मास्किंग टेप लावून टायरसकट करणारे खूप बघितलेत, पण रिमूव्हर रबराला लागतो आणि काठाची जी पांढरी पावडर तुम्ही म्हणताय ती नेमकी टायरच्या कडेखालीच जास्त असते, तिथूनच हवा हळूहळू कमी होते. व्हॉल्व्ह आणि बॅलन्सिंगची वजनंही काढा. मग चाक साबणानं धुऊन कोरडं करा, ब्रेकची काळी धूळ राहिली तर पुढचं सगळं त्यावर अडतं, आणि ८० नंबरच्या सँडपेपरनं लॅकरवर आडवेतिडवे ओरखडे मारा म्हणजे औषध आत शिरायला वाट मिळते.

रिमूव्हर ब्रशनं जाड थापायचा, एकाच दिशेनं, पुन्हा पुन्हा फिरवायचा नाही, वरून स्वयंपाकघरातली प्लास्टिकची क्लिंग फिल्म गुंडाळायची म्हणजे तो वाळत नाही. किती वेळ ते डब्यावर असतं तसंच. फिल्ममधून बघत बसा, स्प्रेचा थर आधी सुरकुततो, मग तेलातल्या पापडासारखा फुगून वर येतो, तो जुन्या एटीएम कार्डानं नाहीतर लाकडी पट्टीनं ओढून काढा, लोखंडी पटाशी नको, अ‍ॅल्युमिनियमवर लगेच चरे पडतात. खाली कंपनीचा मूळ थर असेल तो भाजलेला असतो, तो एका फेरीत दाद देत नाही, दोन-तीन फेऱ्या धरून चाला. स्पोकच्या बेचक्यात आणि बोल्टच्या भोकांत टूथब्रश. निघालेला लगदा गटारात सोडू नका, वर्तमानपत्रावर घेऊन वाळवा आणि घातक कचरा म्हणून वेगळा द्या. शेवटी भरपूर पाण्यानं धुवा, थिनरनं पुसा, मग १८० नंबरपासून ४०० पर्यंत वॉटर पेपर.

आणि उघडं चाक हातात आलं की आतल्या बाजूनं, म्हणजे गाडीकडच्या काठानं, उजेडात फिरवून नीट बघा. खड्ड्यात आपटलेल्या चाकाला केसाएवढी चीर बहुतेक तिथेच जाते आणि रंगाखाली ती दिसत नाही. चीर दिसली तर ते चाक बाद, वेल्डिंग करून चालवू नका.

भोसरीवाल्याकडे जायला माझी हरकत नाही, वेळ नसेल तर जाच, पण दोन गोष्टी विचारून घ्या. ब्लास्टिंग कशानं करणार? काचेचे मणी किंवा बारीक अ‍ॅल्युमिनियम ऑक्साईड, कमी प्रेशरला, चालेल. लोखंडी छर्रा नको, त्याचे कण मऊ धातूत रुतून बसतात आणि पुढे रंगाखालून गंज काढतात. दुसरं, जुनं कोटिंग भट्टीत जाळून काढणार असेल तर चाकं उचला आणि परत या. अलॉयला ताकद येते ती उष्णतेच्या प्रक्रियेनं, त्यातला शेवटचा टप्पा साधारण १५० ते १६० अंशाचा असतो, पावडर कोटिंग, म्हणजे पावडरीच्या रूपातला रंग, १८० ते २०० अंशाला थोडाच वेळ भाजतात ते खपून जातं, पण जाळायच्या भट्टीत ३५०-४०० अंशाला तासन्‌तास ठेवलं की चाक दिसायला तसंच राहतं आणि आतून मऊ होतं. ब्लो लॅम्पनं रंग जाळणंही याच कारणानं नको.

रंग पावसाळ्यात मारू नका. दिवाळीनंतर पुण्याची हवा कोरडी होते तेव्हा घ्या आणि पेपर मारला त्याच दिवशी प्रायमर चढवा. हबला टेकणारा मागचा भाग आणि बोल्ट बसतात त्या जागा मात्र रंगाशिवायच ठेवा. तिथं जाड रंग असला की तो दबतो आणि बोल्ट सैल पडतात. चाकं चढवल्यावर ५०-१०० किलोमीटरनं टॉर्क रेंचनं (ठरावीक जोरानं आवळायचा पाना) बोल्ट एकदा तपासा, आकडा गाडीच्या पुस्तकात आहे.

प्रश्न : माझ्या अलॉयचा पुढचा भाग चकचकीत कापलेला आहे, डायमंड कट म्हणतात तसा. तोही रिमूव्हरनं साफ करून वरून नुसतं लॅकर मारलं तर चालेल का? (वाचक, चिंचवड)

उत्तर : लॅकर निघेल, पण त्याखाली मुळ्यांसारख्या पांढऱ्या रेघा पसरल्या असतील तर त्या धातूत गेलेल्या असतात, रिमूव्हरनं जात नाहीत, आणि पेपर मारलात की ती चमकच जाते कारण ती लेथवरच्या बारीक रेषांची असते. ते चाक परत लेथवर लावावं लागतं, प्रत्येक वेळी थोडा धातू कमी होतो, म्हणून हे वारंवार करता येत नाही. आधी एकदा झालेलं असेल तर सरळ पूर्ण रंगवून घ्या.