वाचकांचे प्रश्न : एकाच घरातली दोन दुःखं

प्रश्न : आमच्या महिला वाचन मंडळात या महिन्यात सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' वाचली. घरात पेइंग गेस्ट म्हणून आलेल्या तरुणाच्या प्रेमात भाऊ तनय आणि बहीण अनुजा दोघंही पडतात. बहीण त्याच्याबरोबर पळून जाते, तो तिलाही सोडून जातो. हे आधी भाऊ सांगतो, मग बहीण. काही जणींचं म्हणणं पडलं की एकच गोष्ट दोनदा कशाला? अनुजाचा भाग तेवढा ठेवला असता तर घरात चारचौघांत वाचताही आली असती. मला हे पटलं नाही, पण का ते मांडता आलं नाही. आणखी एक विचारते. माझा भाचा पस्तिशीचा आहे, पुण्यात एका मित्राबरोबर राहतो. मला अंदाज आहे. बहिणीला ही कादंबरी वाचायला द्यावी का?
— निवृत्त शिक्षिका, सातारा

उत्तर : बाई, मंडळात तुम्ही एकट्या पडलात, पण म्हणणं तुमचंच बरोबर आहे. तनयचा भाग काढला तर उरतं काय? मुलगी पळून जाते, फसते, परत येते. ही गोष्ट आपण मराठीत कितीदा तरी वाचली आहे. तिच्यात एक अबोल, तुटक भाऊ कुठेतरी कोपऱ्यात दिसला असता आणि आपण त्याच्याकडे बघितलंही नसतं.

अनुजा परत आल्यावर जोशांच्या घरात काय उलथापालथ होते ते आठवा. आईवडील हादरतात, लोक काय म्हणतील याची धास्ती बसते, तिचं पुढे कसं व्हायचं यावर सगळे बोलतात. तिला हे जाचतं आणि जाचणारच. पण त्या सगळ्या आरडाओरड्यात एक गोष्ट घराने धरूनच चाललेली असते : तिचं एका माणसावर प्रेम होतं आणि तो गेला. रागाने का होईना, घर त्या प्रेमाची नोंद घेतं. तनयच्या वाट्याला तो रागसुद्धा येत नाही. तोच माणूस, तीच वरची खोली, तेच न सांगता निघून जाणं. आणि याने बसायचं ते भाऊ म्हणून, बहिणीच्या काळजीत सामील व्हायला. एकट्या अनुजाची गोष्ट सांगून हा फरक दिसला नसता आणि एकट्या तनयची सांगूनही नाही. दोन दुःखं शेजारी शेजारी ठेवली की घराचा न्याय मोजता येतो. माझ्या मते कादंबरी लिहिली आहे ती त्यासाठी.

दोघांच्या सांगण्याची तऱ्हाही बघा. अनुजा डायरी लिहिते. तनय मात्र निघून गेलेल्या त्या माणसालाच 'तू' म्हणून सगळं सांगत राहतो. मला तर ते वाचताना दर वेळी पोटात तुटतं, कारण याबद्दल बोलायला त्याला त्या घरात दुसरं कुणी नाहीच. आणि त्याचं निवेदन आधी येत असल्यामुळे अनुजाची पानं आपण निष्पापपणे वाचू शकत नाही. ती घराबद्दल काही लिहिते तेव्हा त्याच घरात आणखी कोण गप्प बसलं आहे हे वाचणाऱ्याला माहीत असतं. तुमच्या मैत्रिणींना विचारा, दुसरा भाग वाचताना तनय सारखा मनात होता की नाही? असेल तर पहिला भाग कशाला, याचं उत्तर त्यांनीच दिलेलं आहे.

'चारचौघांत वाचता आली असती' हा मुद्दा मला नवा नाही. मी ठाण्याच्या एका वाचनालयात बरीच वर्षं काउंटरवर होते. २००६ मध्ये मौज प्रकाशनाने कादंबरी काढली, तेव्हा आमच्याकडे एक प्रत आली. ती परत यायची तेव्हा पुष्कळदा वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं असायचं. आम्ही पुस्तकांना प्लॅस्टिक घालायचो, त्यामुळे वरून कागदाची गरज नव्हती. मी ते कव्हर तसंच राहू द्यायची आणि पुढच्या माणसाला त्याच्यासकट पुस्तक द्यायची. एक कॉलेजचा मुलगा सारखा मुदत वाढवून मागायचा. नियमाने प्रत आणून दाखवावी लागे, तो आणायचा नाही. मी न विचारता तारीख मारून द्यायची. तनयचा भाग त्या मुलासाठी छापलेला आहे. तो वगळून चारचौघांत वाचायची सोय होईल, पण त्या मुलाला पुन्हा कोपऱ्यात बसवून.

आता भाच्याचं. बहिणीला कादंबरी देऊ नका, निदान आधी नको. तुम्ही पुस्तक पुढे केलंत की ती इशारा समजणार आणि थेट त्याला फोन लावणार. त्याच्या आईला काय सांगायचं, कधी सांगायचं, हे त्याचं त्याने ठरवायचं आहे. कदाचित सांगून झालंही असेल आणि बहीणच तुमच्यापाशी बोलत नसेल. तुम्ही भाच्याला फोन करा. त्या मित्राचं नाव घेऊन त्याची चौकशी करा, जशी सुनेची किंवा जावयाची करतो तशी. गौरीच्या जेवणाला दोघांनी या म्हणा. आणि ते आले की एक काम मात्र पदर खोचून करा : पंगतीत कुणीतरी 'काय रे, लग्नाचं काय?' म्हणणारच, तिथे उत्तर त्याला एकट्याला द्यायला लावू नका. तुम्ही चाळीस मुलांचा वर्ग सांभाळलेल्या बाई आहात, विषय कसा बदलायचा हे तुम्हाला मी काय सांगायचं. तो आपणहून बोलला तर पुस्तक त्याच्या हातात द्या. पुढे आईला द्यायचं की नाही ते तो बघेल.

प्रश्न : ताई, मी सत्तावीस वर्षांचा आहे, कादंबरी लिहितो आहे. लातूरचे दोन मित्र. एक २०१० मध्ये आपण गे आहोत हे घरी सांगतो आणि पुण्याला निघून जातो. दुसराही तसाच, पण घरच्यांच्या आग्रहाने लग्न करतो. दोघांची प्रकरणं आलटून पालटून येतात. ज्यांना वाचायला दिली ते म्हणतात, पहिल्याने आत्महत्या केली तर शेवट खरा वाटेल. काय करू?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : मारू नका त्याला.

तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'मध्ये सुमित्रा, म्हणजेच मित्रा, मरते. १९८१ मध्ये ते नाटक रंगभूमीवर आलं, रोहिणी हट्टंगडी मित्रा झाल्या होत्या. एका मुलीवर प्रेम करणारी मुलगी मराठी प्रेक्षकांसमोर ताठ उभी राहते, एवढंच तेव्हा प्रचंड होतं. पण तो शेवट आज उचलून आपल्या कादंबरीला लावला की तो खरा होत नाही, सवयीचा होतो. तुमचे मित्र ज्याला 'खरं' म्हणताहेत ते आधी वाचलेलं, पाहिलेलं आहे.

याउलट ई. एम. फॉर्स्टर यांची 'मॉरिस' मिळवून वाचा. आपल्या देवासच्या मराठा संस्थानात १९२१ मध्ये महाराजांचे खासगी सचिव होते, तेच फॉर्स्टर. त्यातही तुमच्यासारखेच दोन मित्र : क्लाइव्ह लग्न करून राजकारणात शिरतो, मॉरिस आपल्या माणसाबरोबर निघून जातो. कादंबरी १९१४ मध्ये पुरी झाली. इंग्लंडमध्ये तेव्हा हा गुन्हा होता, तरी शेवट सुखाचाच हवा यावर फॉर्स्टर अडून राहिले आणि हयातीत त्यांनी ती छापली नाही. ते गेल्यावर १९७१ मध्ये ती आली. त्या काळात एका माणसाने हा हट्ट धरला, तर तुम्हाला आज कचरायचं कारण नाही.

तुमच्याकडे तारखांचं बळही आहे, ते वापरा. २ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांपुरतं बाजूला केलं. तुमचा नायक २०१० मध्ये सांगतो तो त्या धीरावर. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. म्हणजे घरी सांगून बसलेला मुलगा कायद्याने पुन्हा गुन्हेगार, आणि ते ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानेच अशा संबंधांना गुन्ह्यातून वगळेपर्यंत. २०१३ च्या त्या संध्याकाळी त्याचे वडील टीव्हीवर बातमी बघत असतील. ते फोन करतात का? केला तर काय म्हणतात? हे प्रकरण तुम्ही पाठवलेल्या आराखड्यात नाही, आणि मला सगळ्यात आधी तेच वाचायचं आहे. त्या दिवशी लग्न झालेला मित्र कुठे होता, तेही लिहा.

आणि त्याची बायको. तुमच्या आराखड्यात तिला नावसुद्धा नाही. दोन आयुष्यं म्हणता, पण तिसरं त्याच घरात पोळ्या लाटतं आहे. मूल होत नाही म्हणून तिला कुठल्या डॉक्टरांकडे नेलं, सासूने कुठले उपास धरायला लावले, रात्री नवरा पाठ फिरवतो याचा दोष तिने किती वर्षं स्वतःकडे घेतला, हे कुणी लिहायचं? तिला स्वतःची प्रकरणं द्या, मित्रांच्या प्रकरणांइतकीच. तिच्या नवऱ्याला खलनायक करायची गरज नाही, पण त्याने तिला काय करायला लावलं ते पूर्ण दिसू दे. तिची प्रकरणं लिहून झाली की मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, मी वाचीन.