डोंगरातल्या गरम झऱ्यावर पहिल्यांदा जाताना

पहिल्यांदाच जाताय, तर पोहोचल्या पोहोचल्या पाण्यात उतरू नका. जमिनीत दर किलोमीटर खोलीला साधारण 25 ते 30 अंशांनी उष्णता वाढते. खोलवर मुरलेलं पावसाचं पाणी तापून भेगांतून वर येतं आणि उगमापाशी ते अंग भाजण्याइतकं कढत असू शकतं. 60 अंशांचं पाणी काही सेकंदांतच त्वचा पोळतं. म्हणून उगमाच्या खालच्या अंगाला, ओढ्याचं गार पाणी मिसळतं तिथे बसा. 38 ते 40 अंश पुरे. छोटा थर्मामीटर जवळ ठेवा, नुसत्या हाताच्या अंदाजावर विसंबू नका. उगमाभोवतीची पांढरट, पोकळ वाटणारी जमीन तर टाळाच, पाय आत जाऊ शकतो.

डोकं मात्र पाण्याखाली घालू नका, हे मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो. कोमट, गोड्या पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमीबा असू शकतो. नाकावाटे तो मेंदूपर्यंत पोहोचतो. संसर्ग फार दुर्मीळ, पण बहुतेकदा जीवघेणा. मुलांवर विशेष लक्ष ठेवा.

चांदीचे दागिने घरीच ठेवा, गंधकाने काळे पडतात. दहा-पंधरा मिनिटांनी बाहेर या, पाणी प्या. उठताना सावकाश, कारण उष्णतेने रक्तदाब उतरतो आणि भोवळ येते. हृदयविकार असेल किंवा गरोदर असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. साबण-शाम्पू नकोच, ते पाणी पुढे ओढ्यालाच मिळतं.

शक्यतो पहाटे जा. गार हवेत वाफ दाटून येते, तेव्हाचं ते दृश्य मला अजून पुरत नाही.