प्रभू येणारे, मग कामावर जायचं का नाही? : वाचकांचे प्रश्न

ख्रिसमसच्या आधीचा आगमनकाळ जवळ आला की या पानाला येणाऱ्या पत्रांचा सूरच बदलतो. यंदा तर सोलापुरातनंच ढीगभर मेसेज आलेत आणि विषय सगळ्यांचा एकच, प्रभू येशूचं परत येणं. कुणी घाबरलंय, कुणी वाट बघून कंटाळलंय, कुणाच्या घरात यावरनं चक्क भांडणं चाललीयेत. त्यातली चार पत्रं घेतलीयेत, नावं दिलेली नाहीत. पहिल्या पत्राला जास्त जागा गेलीये कारण त्या घरात आत्ता, या आठवड्यात काहीतरी व्हायला पाहिजे असं मला वाटतं.

ताई, जय ख्रिस्त. माझा मुलगा एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात लूमवर होता. उन्हाळ्यापासनं काम सोडून घरी बसलाय. मोबाईलवर कुणी एक प्रचारक आहेत ते प्रभू कधी येणार त्याची तारीखच सांगायलेत, हा दिवसभर तेच बघतो, उपास करतो, आमच्या पाळकसाहेबांना म्हणतो तुम्ही झोपलेले आहात. मी विड्या वळून घर चालवायले. काही बोललं की म्हणतो आई तू जगाची आहेस, तुझी तयारी नाही. मला रडूच येतं. खरंच माझी तयारी नाही का हो? (एक आई, विडी घरकुल)

अक्का, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तोच तुम्हाला आतनं खातोय. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा २४ वा अध्याय काढा आणि अगदी शेवटी या, ४५ व्या ओवीपासनं पुढं. धनी बाहेर गेलाय, परत कधी येणार कुणाला माहीत नाही, आणि जाताना एका चाकरावर त्यानं एकच काम सोपवलंय, घरातल्यांना वेळच्या वेळी जेवायला घालायचं. धनी येईल तेव्हा जो हे करताना सापडेल तो धन्य, असं प्रभू स्वतः म्हणतो. आता तुमच्या घरात वेळच्या वेळी जेवण कुणाच्या हातनं पडतंय ते बघा. पानं भिजवून, कापून, मान मोडेपर्यंत विड्या वळून तुम्ही जे ताट वाढताय ना, त्याला प्रभूनं तयारी म्हटलंय, मी नाही. तेव्हा रडू नका.

आता मुलाचं. त्याची थट्टा करू नका आणि दुसऱ्या कुणाला करू देऊ नका. प्रभूला भेटायची ओढ खोटी नसते, आपल्यापैकी कितीतरी जणांच्यात ती उरलेलीच नाही आणि या पोराच्यात ती आहे ही चांगली गोष्टय. बिघडलंय ते एवढंच की कुणीतरी त्या ओढीला तारीख चिकटवलीये. तो दिवस, ती घटका पित्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, देवदूतांना नाही, पुत्रालाही नाही, हे मत्तय २४:३६ मधे आहे. आणि पुनरुत्थानानंतर शिष्यांनी परत विचारलं तेव्हाही प्रेषितांची कृत्ये १:७ मधे उत्तर तेच मिळालं, काळवेळ जाणणं तुमच्याकडं नाही. जे प्रेषितांना सांगितलं नाही ते मोबाईलवरच्या माणसाला सांगितलं असेल का, एवढं त्यानं शांतपणे स्वतःला विचारावं.

त्याला हेही सांगा की असं आधी झालंय आणि त्यात भोळ्या माणसांचीच वाताहत झालीये. अमेरिकेत विल्यम मिलर नावाचा शेतकरी होता, मनाचा प्रामाणिक, बायबलचे आकडे जुळवून जुळवून त्यानं काळ काढला आणि शेवटी त्याचे लोक २२ ऑक्टोबर १८४४ या तारखेवर येऊन थांबले, काहींनी तर शेतात उभी पिकं तशीच सोडून दिली. दिवस उजाडला, मावळला. हजारो लोक ढसाढसा रडले. पुढं १९९२ साली दक्षिण कोरियात ली जांग रिम या प्रचारकानं २८ ऑक्टोबरची तारीख दिली, लोकांनी नोकऱ्या सोडल्या, घरं विकली, पैसे चर्चला दिले, आणि त्या तारखेच्या आधीच त्याला फसवणुकीबद्दल अटक झाली तेव्हा कळलं की यानं स्वतः असे बाँड घेऊन ठेवलेत ज्यांची मुदत त्या तारखेनंतर संपणार होती! मला याचा फार राग येतो, खरंच येतो. २०११ ला हॅरल्ड कॅम्पिंग या अमेरिकेतल्या रेडिओवरच्या प्रचारकानं आधी २१ मे सांगितली, मग २१ ऑक्टोबर, आणि पुढच्या वर्षी चुकलो म्हणून जाहीर केलं. पण ज्यांनी आयुष्यभराची बचत त्या तारखेच्या जाहिरातींवर घातली त्यांचं काय?

पहिल्या शतकात थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती मंडळीतही असाच गोंधळ होता. प्रभूचा दिवस येऊन ठेपला असं कुणीतरी उठवलं होतं, आणि त्याच मंडळीत काही जण काहीच काम न करता दुसऱ्यांच्या कामात नाक खुपसत फिरायचे. प्रेषित पौलानं त्यांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात दोन्हीचा समाचार घेतलाय. ज्याला काम करायचं नाही त्यानं खाऊही नये, हे वाक्य त्याच पत्रातलंय. आणि लिहिणारा कोण, तर प्रभू येणार म्हणून जिवाचं रान करणारा आणि पोटासाठी तंबू शिवणारा माणूस.

आपल्या जवळचं सांगायचं तर पुण्याला रेल्वेनं जाताना दौंड सोडलं की केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलंच. प्रभूची वाट बघणारी बाई, पण दुष्काळात उपाशी मुली स्वतः जाऊन गोळा करून आणल्या, त्यांना सांभाळलं, शिकवलं, कामाला लावलं. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणायचं काम हातात घेतलं आणि ते छापायचं काम आश्रमातल्या मुलींनीच केलं. १९२२ च्या एप्रिलमधे त्या गेल्या, पूर्ण बायबल बाहेर आलं १९२४ ला. प्रभू लवकर येणारे मग एवढा मोठा उद्योग कशाला, असं त्या म्हणाल्या असत्या तर? तुमच्या मुलाला एकदा केडगावला घेऊनच जा.

आता व्यवहाराचं. त्याच्याशी वाद घालू नका, अक्का. एखाद्या रविवारी दुपारी जेवण झालं की म्हणा, बाळा, मत्तयाचा २४ आणि २५ वा अध्याय मला मोठ्यानं वाचून दाखव, मधे न थांबता. वाचून झालं की एवढंच विचारा, धनी आला तेव्हा यातला कोण काय करत होता? बाकी तो अध्यायच बोलेल. त्या प्रचारकाला फोनवरनं पैसे जातायत का हे मात्र गोड बोलून बघून घ्या आणि घराचे कागद तुमच्या ताब्यात ठेवा, कशावरही सही करू नका. पाळकसाहेबांना सांगा की त्याला उपदेश नको, सिव्हिलला बाहेरगावचे पेशंट पडलेले असतात, कर्नाटकातनं, धाराशिवकडनं आलेले, त्यांच्या नातेवाइकांना डबे द्यायला याला बरोबर न्या. त्याच्या अंगात आग आहे, तिला काम द्या. आणि उपासामुळं तब्येत ढासळली असेल, रात्ररात्र झोप नसेल, कुणाचे आवाज ऐकू येतात असं म्हणत असेल तर प्रार्थना चालू ठेवून डॉक्टरला दाखवायचंच, यात अविश्वास काहीही नाही.

ताई मी एफवायला आहे. लहानपणी चर्चमधे एक नाटक बघितलं होतं, त्यात तुतारी वाजते आणि घरातले सगळे गायब होतात आणि एक मुलगी मागं राहते. तेव्हापासून घरी आले आणि मम्मी दिसली नाही की माझ्या पोटात गोळा येतो, वाटतं सगळ्यांना उचलून नेलं आणि मी राहिले. आता परत तसलेच व्हिडिओ येतात आणि मला रात्री झोप लागत नाही. वाटतं आपण झोपलो आणि तेव्हाच प्रभू आला तर? (जुळे सोलापूर)

बाळा, तू एकटी नाहीस, हीच भीती मनात घेऊन मोठ्या झालेल्या कितीतरी बायका मला भेटल्यात आणि त्यांनी ती कुणालाच सांगितलेली नव्हती. तू सांगितलंस हे फार बरं केलंस.

दहा कुमारींचा दाखला तुला पाठ असेल, पण मत्तय २५:५ परत वाच. वराला उशीर झाला तेव्हा डुलक्या कुणाला लागल्या? दहाच्या दहा जणींना! शहाण्या पाचजणीसुद्धा झोपल्या होत्या गं. त्यांना कुणी रागावलं नाही. फरक झोपेचा नव्हताच, दिव्यांसाठी जास्तीचं घेतलेल्या तेलाचा होता, ते शहाण्यांकडं होतं, बाकी पाचजणींकडं नव्हतं. आपल्याकडं पाणी काही दिवसांआड येतं आणि कधी कधी रात्री दोनला सुटतं, म्हणून काय आपण नळाजवळ डोळे तारवटून बसतो का, बॅरल धुऊन ठेवतो, मोटर बघून ठेवतो आणि निवांत झोपतो. तू प्रभूवर विश्वास ठेवलायस, चुकलं तर त्याच्याजवळ कबूल करतेस, मग झोप.

आणि १ थेस्सलनीका ५:१० तर तुझ्यासाठीच लिहिलंय असं समज, तो आपल्यासाठी मेला तो यासाठी की आपण जागे असू किंवा झोपलेले असू, आपण त्याच्याबरोबर जगावं. त्याच पत्रात चौथ्या अध्यायात तुतारीचं वर्णन आहे, आणि ते संपल्या संपल्या पौल काय लिहितो, तर या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा. तो घाबरवा म्हणत नाही. ज्या नाटकानं लहान लेकराच्या पोटात गोळा आणला त्यानं हे शेवटचं वाक्य गाळलं, आणि संडे स्कूलवाल्यांनी असली नाटकं बसवणं बंद करावं हे माझं स्पष्ट मत आहे.

रात्री ते व्हिडिओ बघायचे नाहीत. मम्मीला आजच सगळं सांग. आणि तरीही आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल, छाती धडधडत असेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

मी रिटायर्ड माणूस. लहानपणापासून ऐकतोय, येशू लवकर येणार. माझे वडील हेच म्हणत गेले, आजोबा हेच म्हणत गेले. खरं सांगू का, आता उपासनेत हे वाक्य आलं की मला काहीच वाटत नाही. हे पाप आहे का? आणि वडील वाट बघत गेले त्यांचं काय? (रेल्वे लाईन्स)

काका, हे पाप असतं तर प्रेषित पेत्रानं त्यावर अर्धा अध्याय खर्च केला नसता. कुठाय त्याचं येणं, बापदादे मेले तरी सगळं आहे तसंच आहे, हे बोलणं पहिल्या शतकातच सुरू झालं होतं, २ पेत्र ३ मधे आहे बघा. मात्र थट्टेनं बोलणारे वेगळे आणि तुमच्यासारखे थकून बोलणारे वेगळे. पेत्राचं उत्तर असं की हा उशीर नाहीच, कुणाचाही नाश होऊ नये म्हणून प्रभू धीर धरतोय. म्हणजे जी वर्षं तुम्हाला रिकामी वाटतात त्यातच कितीजणांना यायला दार उघडं राहिलं, तुमची नातवंडंसुद्धा त्यातच जन्मली.

वडिलांची काळजी करू नका. थेस्सलनीकाच्या लोकांनाही हाच घोर लागला होता की आपली माणसं आधीच गेली, आता त्यांचं काय. ख्रिस्तात जे मेलेत ते आधी उठतील असं पौल सांगतो, म्हणजे वडील तुमच्या पुढंच असतील.

मन गार पडलंय त्यावर भावना ओढून ताणून आणायच्या भानगडीत पडू नका. प्रभुभोजनाच्या वेळी आपण तो येईपर्यंत त्याच्या मरणाची घोषणा करतो, १ करिंथ ११:२६, ते दोन शब्द, तो येईपर्यंत, तेवढेच नीट ऐका, बाकी काही वाटो न वाटो. आणि एक विचारू का, राग मानू नका. मन गार पडतं तेव्हा बऱ्याचदा कुठंतरी एखादं नातं अडकलेलं असतं. भाऊ असेल, घराच्या वाटणीवरनं बोलणं बंद असेल, मुलगा-सून असेल. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी जाऊन भावाशी समेट कर, असं प्रभूनं सांगितलंय. तसं काही असेल तर ख्रिसमसची वाट बघू नका, फोन उचला. पलीकडनं कडू उत्तर आलं तरी तुमच्या बाजूचं झालं. तसं काही नसेल तर माझं हे सोडून द्या.

आम्हाला दोन वर्षांची मुलगी आहे. मिसेस म्हणते तिचं सुकन्या समृद्धी खातं उघडू. प्रार्थनेच्या ग्रुपमधले एक ब्रदर म्हणाले, प्रभू दारात उभा आहे आणि तुम्ही २१ वर्षांचं प्लॅनिंग करता, हा अविश्वास आहे. आमचं घरात वाजलंय. (होटगी रोड)

भाऊ, खातं उघडा.

यिर्मया ३२ वाचा. यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलाय, संदेष्टा स्वतः कैदेत आहे, शहर पडणार हे त्यानंच तोंडानं सांगितलंय, आणि अशा वेळी देव त्याला म्हणतो अनाथोथचं शेत विकत घे. त्यानं १७ शेकेल चांदी तोलून दिली, खरेदीखत केलं, साक्षीदार घेतले आणि कागद पुष्कळ दिवस टिकावेत म्हणून मातीच्या मडक्यात घालायला लावले. जमीन शत्रूच्या ताब्यात जाणार हे माहीत असलेल्या माणसानं केलेला हा व्यवहार आहे. भरवसा काय असतो ते याहून मोठं मला तरी दाखवता येणार नाही.

ब्रदरांशी भांडू नका, पण कोठारं पाडून मोठी बांधणाऱ्या श्रीमंताची गोष्ट ते काढतील, तेव्हा एवढं म्हणा की तो माणूस फक्त स्वतःपुरतं साठवत होता. सुकन्याचं खातं १० वर्षांच्या आतल्या मुलीचं उघडता येतं, १५ वर्षं भरायचं, २१ वर्षांनी मुदत संपते, पोस्टात जा, मुलीचा जन्मदाखला आणि तुमची ओळखपत्रं घेऊन जा. त्यातनं दर महिन्याला चर्चमधल्या एखाद्या विधवेच्या लेकीची फीसुद्धा जमेल तेवढी काढा, तेही प्लॅनिंगमधेच धरा. आणि मिसेसची माफी मागा, वाजवणारे तुम्ही होता असं तुमच्या पत्रावरनं दिसतंय.